पाटीवरच्या मराठीचं वजन

माझ्या मावसभावाचं ठाण्यात चष्म्याचं दुकान आहे. त्याची पाटी कायद्यात चपखल बसते. मी स्वतः शिडीवर चढून टेप लावलाय. वर मराठी, खाली इंग्रजी, दोन्हींची उंची चौदा-चौदा इंच. तपासणीला माणूस आला, त्याने मोबाइलवर फोटो काढला, मान डोलावली आणि गेला. आता रस्ता ओलांडून समोरच्या रसवंतीपाशी उभं राहा आणि पाटीकडे बघा. दिसतं ते इंग्रजीच. जाडजूड, काळीभोर, पायांना टोकदार टाचा असलेली रोमन अक्षरं पार पलीकडच्या फुटपाथपर्यंत हाक मारतात. त्यांच्या डोक्यावर मराठी नाव आहे खरं, पण वाण्याने भिंतीवर पेन्सिलीने हिशेब मांडून ठेवावा तसं.

भाऊ म्हणाला, "दादा, नियमात आहे ना? मग सोड की."

मला ते सोडता आलं नाही. तीस वर्षं मी मुखपृष्ठं, पोस्टरं आणि मथळे करतोय. अक्षरांच्या जाडीवर माझं पोट चालतं. आणि ही पाटी एकट्याची नाही. घोडबंदर रोडपासून लक्ष्मी रोडपर्यंत कुठेही जा, नव्याने लागलेल्या मराठी पाट्यांत हाच प्रकार दिसेल. मराठी आलीय, कायद्याने आलीय, पण अंग चोरून आलीय.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमात २०२२ साली दुरुस्ती झाली. दुकान लहान असो की मोठं, नामफलक मराठीत, देवनागरी लिपीत हवा, मराठी आधी हवी आणि मराठी अक्षरांचा आकार इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नको. व्यापारी न्यायालयात गेले. सप्टेंबर २०२३ मध्ये, दसरा-दिवाळी तोंडावर असताना, सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दोन महिन्यांची मुदत दिली आणि पाट्या बदला म्हणून सांगितलं. त्याआधीची आंदोलनं, फुटलेल्या काचा, इंग्रजी पाट्यांवर फासलेलं काळं, हे सगळं तुम्हाला आठवत असेल. इतकं रामायण होऊन हाती लागला तो एक शब्द: आकार.

आणि आकार मोजायचा कसा, इथेच घोळ आहे.

देवनागरी शब्द तीन मजली असतो. मधल्या मजल्यावर अक्षराचं धड. वर मात्रा, वेलांटी, रफार. खाली उकार, ऋकार. रोमन कॅपिटल अक्षरं एकमजली. तळापासून माथ्यापर्यंत सगळी उंची एकट्या धडाची. भावाच्या दुकानाच्या नावात 'दृष्टी' हा शब्द आहे. 'दृ'च्या ऋकारापासून 'टी'च्या वेलांटीच्या माथ्यापर्यंत टेप लावला की भरतात चौदा इंच. त्यातले धडाच्या वाट्याला येतात जेमतेम आठ. खालची इंग्रजी अक्षरं मात्र अख्खी चौदा इंच उभी. टेपच्या हिशेबात दोघं सारखे, डोळ्याच्या हिशेबात एक दुसऱ्याच्या निम्मा. संगणकावर दोन्ही लिप्यांना एकच पॉइंट साइज दिली तरी बहुतेक वेळा असंच होतं, कारण देवनागरी फाँटला त्याच उंचीत वरच्या-खालच्या बिऱ्हाडांसाठीही जागा राखावी लागते.

हे झालं उंचीचं. खरी मेख वजनात, म्हणजे रेघेच्या जाडीत, आहे. त्या पाटीवर रोमन अक्षराचा उभा खांब चार बोटं रुंद आहे आणि मराठी अक्षराचा दंड, म्हणजे उभी रेघ, एक बोट. कायद्याला याचं काही सोयरसुतक नाही. अक्षर सुतासारखं बारीक ठेवा, उंची भरली की झालं.

ती इंग्रजी अक्षरं कुठून आली हे जरा सांगतो, कारण ती हल्ली सगळीकडे आहेत. कॅफेच्या पाटीवर, सेंद्रिय गुळाच्या डब्यावर, बिल्डरच्या जाहिरातीत. जाड सेरिफ. सेरिफ म्हणजे रोमन अक्षराच्या टोकांना असलेली ती टाच. अठराव्या शतकाच्या शेवटाकडे इटलीत पार्मा इथे बोदोनी आणि फ्रान्समध्ये दिदो घराणं यांनी असे टाइप पाडले की उभी रेघ भरदार, आडवी रेघ केसासारखी. पुस्तकात ते देखणं दिसायचं. मग लंडनमध्ये जाहिरातींचा सुकाळ झाला. लॉटरी, नाटकं, लिलाव, सगळ्यांची पत्रकं भिंतीवर एकमेकांशेजारी चिकटू लागली. शेजारच्या पत्रकावर मात करायची तर आवाज चढवायला हवा. एकोणिसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला तिथल्या रॉबर्ट थॉर्न या टाइप ओतणाऱ्याने उभी रेघ आणखी फुगवली, इतकी की अक्षराचं पोट म्हणजे नुसती फट उरली. या लठ्ठ अक्षराचं श्रेय सहसा त्यालाच देतात. पुढे अमेरिकेत १९२२ साली कूपर ब्लॅक आलं, गोलमटोल टाचांचं, लोण्यात बुडवून काढल्यासारखं. १९२८ मध्ये मॉरिस फुलर बेंटनने बोदोनीलाच पैलवान करून अल्ट्रा बोदोनी बाजारात आणलं. म्हणजे रोमन लिपीच्या जाड अक्षरामागे दोनशे वर्षांचा बाजार आहे. भिंतीवर ओरडण्यासाठीच ते जन्माला आलं आणि ओरडत ओरडतच वयात आलं.

थॉर्न लंडनमध्ये हे उद्योग करत होता त्याच सुमारास बंगालमध्ये सेरामपूरला विल्यम कॅरी या मिशनऱ्याचं मराठी व्याकरण छापलं जात होतं, १८०५ साली. तिथले देवनागरी टाइप पाडण्यात पंचानन कर्मकार या बंगाली कारागिराचा हात मोठा. आपल्या अक्षराची छापखान्यातली सुरुवात व्याकरणातून, धर्मपुस्तकातून झाली. पुढे मुंबईत जावजी दादाजींनी १८६४ मध्ये टाइपांचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. राणोजी रावजी आरू यांनी कोरलेले निर्णयसागरचे टाइप इतके सुबक की आजही जुनं पुस्तक उघडलं की पानावर हात फिरवावासा वाटतो. पण ते अक्षर काव्यं, शास्त्रं, स्तोत्रं वाचायला घडवलेलं. मांडी घालून, चौरंगावर पुस्तक ठेवून वाचायचं अक्षर. रस्त्याच्या पलीकडून वाचायचं नव्हे.

छापखान्यांत काळा टाइप नव्हता असं नाही, मथळ्यांसाठी होता. पण रोमनच्या केसमध्ये, म्हणजे टाइप ठेवायच्या खणांच्या पेटीत, शे-सव्वाशे खिळ्यांत (खिळा म्हणजे ओतलेला एकेक सुटा टाइप) काम भागतं तिथे देवनागरीला जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, मात्रा धरून काही शे खिळे लागतात. एक नवं वजन काढायचं म्हणजे ते सगळे पुन्हा कोरा, पुन्हा ओता. टिळकांसारख्या माणसाने देवनागरी खिळ्यांची संख्या कशी घटवता येईल यासाठी डोकं खपवलं, ते हौस म्हणून नव्हे. 'केसरी' वेळेवर निघायला हवा होता. सावरकरांची 'अ'ची बाराखडीही यातूनच आली, जिच्यात 'इ'ऐवजी 'अि' लिहायचं आणि जी 'किर्लोस्कर' मासिकाने बरीच वर्षं चालवली. खिळे कमी करण्याची ही धडपड एकीकडे चालू असताना नवनवी जाड वळणं कोण पाडणार? मोठं, भरदार, लांबून वाचायचं मराठी अक्षर छापखान्याने आपल्या हातात घेतलंच नाही. ते पेंटरकडे गेलं.

आणि पेंटरने ते सांभाळलंही. ज्यांचं बालपण १९९० च्या आधी गेलं त्यांना आठवेल: निळीत बुडवलेला दोरा भिंतीवर ताणून फटकन सोडायचा, त्याची रेघ उमटायची, तिला शिरोरेषा लोंबकळवायची. आधी खडूने सांगाडा, मग सपाट कुंचला. खाली कोपऱ्यात पेंटरचं नाव. आमच्या गल्लीतल्या पेंटरकाकांना मी एकदा विचारलं होतं की तुम्ही दंड शेवटी का काढता. ते म्हणाले, "दंड काय, सगळ्यांनाच असतो. आधी अक्षर ओळखू येऊ दे."

हे वाक्य मला समजायला वीस वर्षं लागली. आपली व्यंजनं डोळ्यांसमोर आणा. ग, च, त, न, प, म, य, ल, व, स. निम्म्याहून अधिक व्यंजनांना उजवीकडे उभा दंड आहे, आणि तो सगळ्यांचा सारखा. 'न' आणि 'त' यांत फरक काय, तो डावीकडच्या वळणात. 'म' आणि 'भ' यांतला फरकही डावीकडेच. दंड ओळख सांगत नाही, तो नुसता अक्षराला उभं ठेवतो. आता बोदोनीच्या चालीने, म्हणजे उभं ते जाड आणि आडवं ते बारीक या हिशेबाने, मराठी अक्षर जाड करा. काय होईल? अक्षराचा जो भाग काहीच सांगत नाही तोच सगळ्यात लठ्ठ होईल. जो सगळं सांगतो त्याला कोपऱ्यात अंग आखडून बसावं लागेल. शब्द लांबून पाहिला तर दिसतील एकामागोमाग खांब, आणि त्यांच्यावर सुतळीसारखी शिरोरेषा. मंडपाचे बांबू रोवल्यासारखे.

याच्या मुळाशी लेखणी आहे. आपली अक्षरं बोरूतून आली. बोरूची जीभ तिरकी छाटतात, आणि तो छाट रोमन लिहिणाऱ्याच्या टाकाच्या उलट बाजूला असतो. त्यामुळे जाड कुठे यावं आणि बारीक कुठे, याची वाटणीच दोन्ही लिप्यांत निरनिराळी आहे. आपली शिरोरेषा ही भरीव रेघ आहे. अक्षरं तिला धरून असतात. आणि सेरिफ तर देवनागरीला नाहीच. तिला टाच लावणं म्हणजे नऊवारीवर टाय बांधणं. तरीही ब्रँडचं काम करणारे लोक सर्रास सांगतात, "इंग्रजी लोगोला मॅच होईल असं मराठी करून द्या." मॅच म्हणजे काय? टाचेला टाच? की जोराला जोर? यांतलं दुसरं करता येतं, आणि तेच करायला हवं.

आता दुसऱ्या टोकाला या, डीटीपीच्या दुकानात. तिथे 'ठळक करा' म्हटलं की काय होतं ते मी शेकडो वेळा पाहिलंय. ऑपरेटर कोरलड्रॉमध्ये अक्षर निवडतो आणि त्याला त्याच रंगाची आउटलाइन देतो. दोन पॉइंट, कमी वाटली तर चार. अक्षर सगळीकडून सारखंच सुजतं. भावाच्या पाटीसाठी आम्ही हाही प्रयोग करून पाहिला. 'दृष्टी'तला 'ष' घ्या. 'ष' म्हणजे 'प'च्या पोटात एक तिरकी रेघ. बाहेरून चार पॉइंट चढले तसे आतूनही चढले; रेघेच्या दोन्ही बाजूंची फट बुजली. 'दृ'चा ऋकार 'द'च्या शेपटीला जाऊन चिकटला. वेलांटीची कमान होती तिथे टोपी झाली. पडद्यावर ते दणदणीत दिसत होतं आणि ऑपरेटर खूशही होता. मी दहा पावलं मागे जाऊन पाहिलं, तर शब्दाच्या जागी एक काळा ढग. चौकाचौकांतल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर 'हार्दिक शुभेच्छा'चं जे होतं तेच. त्या 'च्छा'ने आजवर किती हाल सोसलेत!

ठळक आणि जाड यांत असा फरक आहे. मराठीला तो पूर्वीपासून ठाऊक आहे. आकाशवाणीवरून आपण लहानपणापासून 'ठळक बातम्या' ऐकत आलो. तिथे शाई नाही, अक्षर नाही, नुसता आवाज; तरी शब्द 'ठळक'च. कारण ठळक म्हणजे उठून दिसणारं, चटकन लक्षात येणारं. एखादं अक्षर जाड असूनही ठळक नसतं, जसा तो काळा ढग. आणि बेताच्या जाडीचं अक्षर नीट काढलं तर ठळक होतं. आता कायद्याकडे परत येऊ. 'मराठी अक्षरांचा आकार लहान नसावा' याऐवजी 'मराठी अक्षरं इतर लिपीइतकीच ठळक असावीत' असं लिहिलं असतं तर? आकार, वजन, रंग, उजेड, सगळं एका शब्दात आलं असतं. वर मराठी करड्या रंगात आणि खाली इंग्रजी लालभडक एलईडीत, ही पळवाटसुद्धा बुजली असती. मराठी राखायला निघालेल्या कायद्याने नेमका हाताशी असलेला मराठी शब्द वापरू नये, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

यावर एक रास्त शंका निघते. उंची टेपने मोजता येते, ठळकपणा कशाने मोजणार? तपासणीला येणाऱ्याला असं मोघम हत्यार दिलं तर तो दुकानदाराला नाडणार नाही कशावरून? शंका खरी आहे, आणि मला तिचं पुरतं समाधान करता येत नाही. पण काही गोष्टी साध्या पट्टीनेही मोजता येतात. वेलांट्या-उकार वगळून, शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतची उंची धरा. दंडाची रुंदी इंग्रजी खांबाच्या निदान निम्मी तरी हवी असं ठरवा. देवनागरीचं आतलं नक्षीकाम जास्त असल्यामुळे पूर्ण बरोबरी मागणं चूक ठरेल. निम्म्याच्या थोडं वर गेलं तरी डोळ्याला दोन्ही सारखे वाटतात, असा माझा अनुभव. एवढ्या दोन मापांनी नव्वद टक्के भांडण मिटेल.

दुसरा आक्षेप नेहमीचा. शाळा बंद पडताहेत, मराठी माध्यमाला मुलं मिळत नाहीत, आणि तुम्ही अक्षरांच्या जाडीचं काय घेऊन बसलात? खरंय. पण पाटीचा कायदा मी आणला नाही. सरकारने आणला, न्यायालयाने उचलून धरला, दुकानदारांनी पदरचे पैसे घालून पाट्या बदलल्या. इतका खटाटोप करून जे उभं राहिलं ते वाचता येत नसेल तर मग तो खटाटोप कशाला?

बरं, चांगली अक्षरं नाहीत म्हणून हे होतं का? काही वर्षांपूर्वी मी हो म्हणालो असतो. आज नाही म्हणणार. वैभव सिंह यांचा 'एक्झार' फाँट घ्या: रोमनमध्ये टाचा आहेत, देवनागरीत नाहीत, आणि तरी दोन्ही एकाच घरातली वाटतात, जाड वजनातसुद्धा. इंडियन टाइप फाउंड्रीचा 'रोझा वन' तर थेट लठ्ठ सेरिफच्या कुळातला. जाड-बारीकाचा टोकाचा खेळ देवनागरीत करून पाहणारा. मला तो पाटीवर फार रुचत नाही, मासिकाच्या पानावर मात्र बहार आणतो. मुंबईच्या 'एक टाइप'ने 'बलू' काढला, 'मोदक' काढला. 'मोदक'मध्ये अक्षरं इतकी फुगवलीत की आतल्या पोटांच्या नुसत्या चिरा उरल्यात, पण त्या चिरा कुठे ठेवायच्या हे विचार करून ठरवलंय. आउटलाइन देऊन आलेली ती सूज नाही. 'यात्रा वन'चा जन्म मुंबईच्या रेल्वे स्थानकांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांतून झाला. हे सगळे फाँट फुकट मिळतात, पाटीसाठी वापरायला कुणाची परवानगी लागत नाही.

मग ते पाटीवर का दिसत नाहीत? कारण पाटी करणारा माणूस वेगळ्याच जगात राहतो. त्याच्या संगणकावर पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे, युनिकोडच्या आधीचे फाँट आहेत. त्यांचा कळफलक त्याच्या बोटांत बसलाय. नवा फाँट टाकला तर जुन्या आवृत्तीच्या सॉफ्टवेअरमध्ये वेलांटी भलतीकडे जाते, जोडाक्षरं फुटतात. दिवसाला दहा पाट्या काढायच्या, प्रत्येकीमागे ग्राहक उभा. तो बिचारा हाताला येईल ते घेतो, किंवा विंडोजबरोबर आलेला 'मंगल' घेतो. 'मंगल' अक्षररचनाकार र. कृ. जोशींनी केला, संगणकाच्या पडद्यावर छोट्या आकारात वाचता यावा म्हणून. त्या कामाला तो आजही खणखणीत आहे. त्याला चार फूट उंच करून पाटीच्या एसीपी शीटवर चढवणं म्हणजे सतारवादकाला वरातीत बँडसमोर बसवणं.

आणखी एक दुखणं खास आपलं आहे. जाड, सजावटी देवनागरी फाँट बरेचदा हिंदी वळण धरून बनतात. 'ल' आणि 'श' यांचं मराठी वळण वेगळं. राज्य सरकारच्या नोव्हेंबर २०२२ च्या शासन निर्णयाने पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' हेच मराठीसाठी प्रमाण धरले. म्हणजे त्याच वर्षी एकीकडे पाट्या मराठीत करा म्हणून कायदा, दुसरीकडे मराठी अक्षर कसं असावं याचा निर्णय, आणि दोघांची एकमेकांशी ओळखच नाही! चांगल्या फाँटमध्ये दोन्ही वळणं असतात, पण मजकुराची भाषा 'मराठी' आहे असं सॉफ्टवेअरला सांगितलं तरच मराठी 'ल' पुढे येतो. हे सांगायचं कसं, हे पाटीवाल्याला कुणी शिकवलेलं नाही. 'ऱ्य', 'ऱ्ह'चं तर विचारूच नका. 'वऱ्हाडी' जेवणाची पाटी जाड फाँटात करायला गेलात तर 'वर्हाडी' होऊन यायची शक्यता दाट. तो चंद्रकोरीसारखा अर्धा 'र' हिंदीला लागत नाही. आपलं त्यावाचून पान हलत नाही.

इथे सरकारने काही करावं असं मला वाटतं, आणि ते फार महागडं नाही. राज्य मराठी विकास संस्थेने पूर्वी 'यशोमुद्रा', 'यशोवेणू' असे फाँट लोकांसाठी खुले केले आहेत, म्हणजे वाट माहीत आहे. आता खास पाट्यांसाठी आणि मथळ्यांसाठी एक कुटुंब करून घ्यावं. दोन-तीन भरदार वजनं, मराठी 'ल', 'श', 'ऱ्य' मुळातच, काही मागावं न लागता. आणि त्याची नुसती फाँट फाइल ठेवून भागणार नाही. पाटीवाल्याच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये चालेल अशी आवृत्तीही द्यावी, भले शुद्धतावादी नाकं मुरडोत. पेंटरांची जी पिढी अजून हयात आहे तिची वळणं त्यात यायला हवीत. कमल शेडगे २०२० मध्ये गेले. नाटकांच्या जाहिरातींतली त्यांची शीर्षकं पाहून माझ्यासारख्या किती जणांनी अक्षर हातात धरलं असेल! नाटकाचं नाव वाचण्याआधीच ते विनोदी आहे की ऐतिहासिक, हे अक्षराच्या अंगलटीवरून कळायचं. एकही अक्षर टाच घालून उभं नव्हतं, आणि एकही कुणाखाली दबलेलं नव्हतं.

आणि हो, सरकारी पाट्यांपासून सुरुवात करावी. आमच्या भागातल्या एका सार्वजनिक उद्यानाच्या फलकावर उद्यानाचं मराठी नाव आडवं दाबून बसवलंय, इतकं की 'उ' आणि 'द्या' यांनी एकमेकांचे हात पकडलेत. त्याखाली इंग्रजी मात्र ऐसपैस. तो फलक बसवणाऱ्यांनीच उद्या दुकानदाराला नोटीस द्यायची.

शेवटी भावाची पाटी मीच बदलून दिली. तीन रात्री बसून 'दृष्टी' हाताने काढला. धड वाढवलं, वेलांटी बसकी केली, ऋकार 'द'च्या पोटाखाली सरकवला, म्हणजे चौदा इंचांत धडाला दहा मिळाले. दंड मुद्दाम किंचित सडपातळ ठेवला आणि जाडी डावीकडच्या वळणांना दिली. शिरोरेषा दंडाइतकीच भरीव. 'ष'चं पोट नेहमीपेक्षा मोठं, आतली रेघ बारीक, दोन्हीकडे बोटभर फट. इंग्रजीला हात लावला नाही. फाइल कटिंगला, म्हणजे राउटर मशीनवर अक्षरं कापायला, पाठवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला.

"सर, त्या 'ष'मध्ये एक रेघ आहे बघा. राउटरचा बिट तिथे अडकतोय. लांबून कुणाला दिसणारे? काढून टाकू का?"

मी म्हटलं, "अहो, मग 'दृप्टी' होईल."

थोडा वेळ पलीकडून मशीनची घरघर तेवढी ऐकू आली. मग म्हणाले, "बारीक बिट लावावा लागेल. अडीचशे जास्त होतील."